सूपभर कोंड्याचा भाऊ

वांगी बारा किलो आणि खाणारी तोंडं सहा. त्यातल्या एकाला तर डॉक्टरांनी तेलाचा वाससुद्धा घेऊ नका म्हणून सांगितलेलं. पण नामदेवला थोडक्यात काही जमतच नाही. कागद कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी आणि त्यातली बावीस वर्षं युनियनचा जॉइंट सेक्रेटरी. अशा माणसाला सहा जणांचा स्वयंपाक म्हणजे मोर्च्याला सहाच माणसं आल्यासारखं वाटतं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, क्वार्टर सोडून गावाजवळच्या लालबाग वस्तीत स्वतःचं घर बांधलं, तरी हा सकाळी दाढी करताना आरशालासुद्धा ‘साथियों’ म्हणत असणार, असं त्याची मोठी बहीण मालूबाई म्हणायची.

नामदेवचा धाकटा भाऊ उखर्डू याच्या बहादरपुरच्या मळ्यात, विहिरीच्या अंगाला, कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून लोटू वांगी भाजत बसला होता. लोटू हा उखर्डूचा शाळेपासूनचा दोस्त आणि शेताचा शेजारी. त्याच्या मते साऱ्या पंचक्रोशीत वांगं भाजता येणारी माणसं दोनच झाली, एक तो आणि दुसरा त्याचा बाप. बाप आता नव्हता, त्यामुळे लोटूला बोलावल्याशिवाय कोणाची भरीतपार्टी होत नसे.

पार्टीची कल्पना खुद्द उखर्डूची. “थंडी सरत आली. मले एकदा मळ्यात बसून भरीत पाह्यचंय,” असं तो आठ दिवसांपूर्वी म्हणाला. खायचंय नाही म्हणाला. नामदेवनं ते ऐकलं आणि मनात म्हणाला, आयतंच सापडलं. सगळी मंडळी एका जागी, पोटं भरलेली, पेशंट खुशीत. ठराव मांडायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

ठराव असा होता की उखर्डूला उद्या सकाळच्या गाडीनं मुंबईला न्यायचं. तिकिटं नामदेवच्या बंडीच्या खिशात होती आणि तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात पलंग धरून ठेवलेला होता. मागच्या आठवड्यात इंदूरच्या डॉक्टरांनी नवा स्कॅन समोर धरून सांगितलं होतं की पित्ताच्या पिशवीतला कॅन्सर सहा केमो पचवून यकृतात पसरलाय. आता बरा होणार नाही. अजून एक औषध आहे, मुंबईला मिळेल, लागू पडलं तर दोन-तीन महिने वाढतील. नाही पडलं तर नुसता त्रास. नाहीतर घरी ठेवा, दुखण्याच्या चांगल्या गोळ्या आहेत, आम्ही फोनवर आहोतच. यातलं नामदेवला ‘दोन-तीन महिने’ एवढंच ऐकू आलं. वाटाघाटीत समोरचा काहीतरी द्यायला तयार झाला, की युनियनवाला पुढचं ओढूनताणून वाढवून घेतोच.

“अक्का, शेवटी तू बोलायचं,” त्यानं मालूबाईला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीआड गाठून समजावलं. “मी प्रस्ताव मांडतो. उखाचा नीलेश अनुमोदन देतो. मंग तू फक्त म्हणायचं, उखा, जाय. बस. तुझं तो टाळत नाही.”

“आणि टाळलं तं?”

“साठ वर्षांत टाळलं का कधी?”

मालूबाईच्या पदरात लसणाचा ढीग होता. ती पाकळ्या सोलत राहिली. नामदेवनं त्याचा अर्थ होकार असा काढला. मालूबाईनं सहाही केमोंच्या वेळी इंदूरला उखर्डूच्या खाटेशी रात्री काढल्या होत्या, त्याची उलटीची पाटी धरली होती, नर्सशी भांडून जास्तीची चादर मिळवली होती. ती नाही म्हणणार कशी?

*

उखर्डूच्या बायकोनं, छायानं, भाकरी थापता थापता दीर आणि नणंद मोटारीच्या खोलीआड गेलेले पाहिले आणि काय ते ओळखलं. चौतीस वर्षं या घरात काढलेल्या बाईला कोण कोणाला कुठल्या कोपऱ्यात नेतं यावरून पुढचा महिना कसा जाणार ते कळतं. तिच्या डोक्यावर पदर होता आणि नामदेवकडे पाठ. मोठ्या दिराशी थेट बोलायचं नाही, ही सासूची शिकवण. सासू जाऊन वीस वर्षं झाली, पण शिकवण काही गेली नाही. काही सांगायचं झालं तर ‘त्यांना म्हणावं’ असं भिंतीला, म्हशीला नाहीतर नीलेशला सांगायचं.

नीलेशनं गाडी थेट बांधापर्यंत आणली आणि उखर्डू उतरला. डोक्यावर गोंड्याची लोकरी टोपी, अंगात मुलाचंच जुनं जॅकेट, त्यात तो एवढासा. वजन अडुसष्टावरून एकेचाळीसवर आलेलं. चेहरा पिवळा, पण डोळे तेच, दुसऱ्याची खोड काढायला टपलेले.

“व्वा! बारा किलो!” वांग्यांकडे पाहून तो म्हणाला. “भो, तेरवीची रिहर्सल आहे का?”

“तोंड सांभाळ,” नामदेव म्हणाला.

“सांभाळायले तेवढंच राह्यलं.” तो खाटेवर टेकला, उशी पोटाशी घेतली. “नीलेश, तो फोटो दाखव रे काकाले.”

“पापा, प्लीज.”

“अरे, दाखव! भो, मी माझ्या फ्लेक्सचा फोटो निवडला. यानं लग्नातला काढून ठेवला होता. तठी मी चोरासारखा दिसतो. हा पाहा, मागच्या साली केळीच्या घडासंगं काढलेला. घड काय दिसतो! लोक मले नाही तं घडाले तरी हात जोडतील.”

“खाली माझं नाव टाकजो,” आगीतून वांगं पलटत लोटू गंभीरपणे म्हणाला. “शोकाकुल मंडळीत. आपला दगा गेला तं त्याच्या फ्लेक्सवर टाकलं नव्हतं, मी तेराव्याले जेवलो नाही.”

“जेवला नाही? दोनदा बसला होता पंगतीले!”

“दुसऱ्यांदा दगाच्या आत्म्यासाठी बसलो.”

छाया हसली, आणि हसू आलं म्हणून स्वतःवर चिडली. नवरा मरायला टेकलाय आणि आपण हसतो, काय बाई आहोत आपण! पण या माणसानं गेले आठ महिने घरात कोणाला धड रडूही दिलं नव्हतं. शेजारची निर्मला भेटायला येऊन “फारच वाळले हो” म्हणाली, तर हा म्हणाला, “वहिनी, तुम्हीच तं विचारत होत्या ना, वजन कसं कमी करायचं?”

केमोच्या एकवीस दिवसांचा हिशेब छायाला तोंडपाठ होता. पहिले अकरा दिवस उलट्या, तोंडात फोड, पाणीसुद्धा टोचतं. पुढचे सात दिवस नुसतं पडून राहणं. उरले तीन. त्या तीन दिवसांत हा उठायचा, काठी टेकत बागेत जायचा, घडाखालच्या टेकूंना हात लावून यायचा, तिला म्हणायचा, चहा कर, साखर टाक, मेलो तरी फिका पिणार नाही. ते तीन दिवस तिचे होते. मुंबईला नेलं तर तेही जाणार. पण हे बोलणार कोणाला? बायकोच म्हणाली नका नेऊ, तर उद्या अख्खं बहादरपुर म्हणेल, सेवा करून कंटाळली. तिनं भाकरी एवढ्या जोरात थापली की ती मधून फाटली.

*

भाजलेली वांगी सोलली, मिरच्या-लसूण घालून बडगीत, त्या खोलगट लाकडी भांड्यात, ठेचली, वर कांद्याची पात, शेंगदाणे, फोडणी. केळीच्या पानांवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी पडल्या. उखर्डूनं बोटाच्या टोकावर भरीत घेतलं, जिभेला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाला, “लोटू, मीठ कमी.”

“तुझी जीभ गेली केमोनं.”

“जीभ गेली, अक्कल आहे. मीठ कमी.”

सगळ्यांची पानं निम्मी झाल्यावर नामदेव उठून उभा राहिला. “साथि… म्हणजे मंडळी,” त्यानं सुरुवात केली.

“बसून बोल रे भो. हा कारखान्याचा गेट नाही.”

नामदेव बसला नाही. बसून त्याला बोलता येत नाही. “विषय एकच. इंदूरचा डॉक्टर काय बोलला ते सगळ्यांले माहीत. पण त्यानं दरवाजा बंद केला नाही. मुंबईले औषध आहे. पलंग मिळाला, तिकिटं हाती आहेत. उखर्डूले उद्या सकाळच्या गाडीनं न्यायचं, असा मी प्रस्ताव मांडतो.”

“कोणाले न्यायचं?” उखर्डूनं विचारलं.

“तुले.”

“मंग तू माझ्याशी बोलून राह्यला की माझ्याबद्दल?”

“पेशंटले इचारून कोणी इलाज करतं का?” नामदेवचा आवाज चढला. “पेशंट घाबरलेला असतो. त्याचा निर्णय घरच्यांनी घ्यायचा असतो.”

“खकनारकडे एक बाबा आहे,” लोटूनं मध्येच तोंड घातलं. “भुकटी देतो. गाठ विरघळते म्हणे. मी आणू का?”

“लोट्या, त्या बाबाच्या सख्ख्या भावाचं केमो इंदूरले माझ्या बाजूच्या खाटेवर चालू होतं,” उखर्डू म्हणाला. “तोच मले सांगे, भाऊचं काही खाऊ नको.”

लोटू मान खाली घालून भाकरी मोडू लागला. नामदेवनं नीलेशकडे पाहिलं. नीलेश इंदूरच्या कंपनीत नोकरीला होता. आठ महिने बापाची फाइल बगलेत घेऊन त्यानं सगळे दवाखाने पालथे घातले होते, सुट्ट्या संपल्या होत्या, आणि परवा गाडीत एकटा बसून तो अर्धा तास रडला होता. हे अर्थात कोणाला माहीत नव्हतं.

“काका सही बोलतायत, पापा,” तो म्हणाला. “ट्राय तो करना चाहिए ना. नंतर मी जिंदगीभर विचार करत बसेन, एक चान्स होता नि मी दिला नाही.”

“म्हणजे तुले झोप यावी म्हणून मी मुंबईले जाऊ?”

नीलेशचा चेहरा एकदम पडला. उखर्डूनं ते पाहिलं आणि त्यालाच वाईट वाटलं. त्यानं पोराच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुझ्यासारखी धावपळ कोणाच्याच पोरानं केली नाही. सगळ्या गावाले सांगतो मी. पण बेटा, झालं आता.”

“झालं म्हणजे काय झालं?” नामदेव ओरडला. “लढायचं सोडायचं? आम्ही बेचाळीस दिवस संप केला होता. चाळिसाव्या दिवशी सारे म्हणत होते, सोडा. सोडला का?”

“आणि मिळालं काय?”

नामदेवनं बंडीची गुंडी लावली.

“सांग ना भो. काय मिळालं?”

“महिन्याले दोन साबणं जास्त.”

लोटूला ठसका लागला. उखर्डू पोट धरून हसला, हसता हसता कळ आली म्हणून वाकला, तरी हसायचं थांबेना. “तेच सांगतो! मले दोन साबणं नको रे. बागेत व्हायरस आला तं मी काय करतो? फवारे मारत बसत नाही. झाड उपटतो, मोकळा होतो.”

“तू काय केळीचं खोड आहे का?” नामदेव म्हणाला. “खोडाले मी भाऊ म्हणतो का? मतदान घेऊ. हात वर करा. न्यायचं त्यांनी हात वर करा!”

वर गेले नामदेवचा आणि नीलेशचा असे दोन हात. नीलेशचा खांद्यापर्यंतच.

“विरोधात?”

उखर्डूनं दोन्ही हात वर केले.

“पेशंटले मत नाही,” नामदेव म्हणाला.

“मंग मी माणसातून आजच गेलो का? फ्लेक्स आजच लावा.”

“लोटू?”

“मी शेजारी आहे. तटस्थ.” मग जरा थांबून, “पण मुंबईले वांगी मिळत नाहीत.”

तेवढ्यात चुलीपासून एक हात वर गेला. पिठानं पांढरा, बांगड्या कोपराकडे घसरलेल्या. सगळे वळून पाहू लागले. छायाचा पदर डोक्यावरच होता, पण तोंड नामदेवकडे होतं.

“दादा,” ती म्हणाली.

नामदेवनं आधी मागं पाहिलं, दुसरा कोणी दादा आलाय का म्हणून. चौतीस वर्षांत या बाईचा आवाज त्यानं आपल्या दिशेनं येताना ऐकला नव्हता.

“दादा, एकवीस दिवसांतले तीन दिवस हे माणसात असतात. ते तीन मले पाह्यजेत. मुंबईच्या दवाखान्यात नाही, आठी पाह्यजेत. कंटाळली म्हणायचं असंल तं म्हणा. मी नाही कंटाळली. अजून दहा वर्षं पाटी धरीन. पण यांचे हाल नाही पाहवत मले.” एवढं बोलून तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती जळली होती.

दोनास एक. किंवा पेशंट धरला तर दोनास दोन. आता सगळे मालूबाईकडे पाहत होते. नामदेव तर असा पाहत होता, जणू निकाल खिशातच आहे.

*

मालूबाईच्या पानावरचं भरीत तसंच होतं. त्याला कारण मुंबई नव्हतं, इंदूरही नव्हतं. कारण एकसष्ट वर्षांपूर्वीचं होतं.

नामदेवच्या पाठची दोन पोरं सव्वा महिन्याच्या आत गेली. तिसरं झालं तेव्हा आजीनं ठरवलं, हे उकिरड्यावर टाकायचं. तशी रीत होती. जन्मलेलं पोर उकिरड्यावर ठेवायचं, परक्या घरच्या बाईनं सूपभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं. म्हणजे पोर या घरचं राहिलं नाही, आणि मृत्यू पत्ता शोधत आलाच तर हात हलवत परत जातो. नावही त्यावरूनच ठेवायचं, उखर्डू. विकत घ्यायला पलीकडच्या गल्लीतली लीला येणार होती. पण नेमकी त्याच सकाळी तिची म्हैस व्यायला बसली. पोर उकिरड्यावर रडतंय, माश्या बसतायत, लीला येईना. शेवटी आजीनं आठ वर्षांच्या मालूच्या हातात सूप दिलं. “तू घे गं. कोण पाहतंय?”

मालूनं घेतलं. पोर इतकं हलकं होतं की तिला वाटलं, सूपच जड आहे. त्या दिवसापासून घरात सगळे चेष्टेनं म्हणायचे, हा मालूचा. तिनं त्याला कडेवर वाढवला, शाळेत घातला, त्याच्यासाठी छाया पाहून आणली. त्यानंही तिचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. “मालकिणीचं ऐकावं लागतं,” म्हणायचा.

पण सूप घरचं होतं. कोंडा घरचा होता. विकत घेणारी घरची होती. हे तिला जसजशी अक्कल आली तसं टोचायला लागलं. आणि जूनमध्ये डॉक्टरांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला, तेव्हा इतके दिवस टोचणारं एकदम आत घुसलं. तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? सत्तरी गाठलेली बाई, नातवंडं मोबाइलवर इंग्रजी बोलतात, आणि हिला उकिरड्याची भीती.

“अक्का, बोल ना,” नामदेव म्हणाला. “म्हण त्याले, जाय.”

“मी काय बोलू?” मालूबाई म्हणाली, आणि मग तिला थांबता येईना. “माझ्याच हातून झालं हे. सौदा खोटा होता. परक्या बाईनं घ्यायचा होता, लीला आली नाही, मी घेतला. घरचं पोर घरातच राह्यलं. त्या यमाले सापडणारच होतं. इतकी वर्षं शोधत होता तो, आणि सापडलं. माझी चूक, आणि भोगून राह्यला उखा!” ती पदर तोंडात कोंबून हुंदके देऊ लागली.

नीलेश “आत्या, अशी गोष्ट नसते, हे जेनेटिक…” असं काहीतरी पुटपुटला आणि छायानं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

उखर्डू खाटेवरून उठला. नीलेश धरायला आला, तर त्याला बाजूला सारलं. चार पावलं चालायला त्याला एवढा वेळ लागला की लोटूनं नजर दुसरीकडे वळवली. तो अक्काच्या पानापाशी येऊन मातीतच बसला.

“एकसष्ट वर्षं,” तो म्हणाला. “अक्का, एका सुपाच्या कोंड्यात एकसष्ट वर्षं! लग्न झालं, पोरगं झालं, बाग लावली, दोनदा तुझ्यासंगं ओंकारेश्वर पाहिला. यापेक्षा जास्त कोणता सौदा टिकतो व? नव्या मोटारीची गॅरंटी दोन साल असते.”

“तुले मस्करी सुचते!”

“रडून पाहिलं मी. एकटा असलो की रडतो. पोटात दुखतं, म्हणून जास्त वेळ जमत नाही.” तो हे हसून म्हणाला, पण हसू लगेच विझलं. “लीलानं घेतला असता तं मी लीलाच्या घरी गेलो असतो. तिचा नवरा पाहिला होता ना तू? मारकुट्या. बरं झालं तिची म्हैस व्याली.”

मालूबाईच्या हुंदक्यातून एक चमत्कारिक आवाज निघाला. ते हसू होतं की रडू, तिलाही कळलं नाही. तिनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि भावाकडे नीट पाहिलं. इंदूरच्या खाटेवर सहाही केमोंच्या वेळी तिनं त्याचा ताप पाहिला, रिपोर्ट पाहिले, सलाइनचे थेंब मोजले. डॉक्टरांना विचारलं, नर्सला विचारलं, देवाला विचारलं. समोरच्या माणसाला एक प्रश्न तेवढा विचारायचा राहिला होता.

“उखा,” ती म्हणाली. “तुले काय पाह्यजे?”

उखर्डूनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मले भीती वाटते,” तो म्हणाला. “मरायची नाही. म्हणजे तीही वाटते. पण तठी, त्या खाटेवर, नळ्या लावून, डॉक्टरांची इंग्रजी कळत नाही, छाया बाहेर बाकावर बसलेली, आणि आतमधी मी एकटाच… त्याची जास्त वाटते. मले घरी राह्यचं आहे. दुखलं तं गोळी द्या. ओरडलो तं ओरडू द्या. मी सांगितलं असतं, पण मी बोललो की सारे म्हणतात, खचला. तू माझ्याकडून बोल, अक्का. तुझं ऐकतात.”

मालूबाई उठली. गुडघे दुखतात म्हणून ती नेहमी कोणाचा तरी हात मागते. आज मागितला नाही.

“नामा, तिकिटं कॅन्सल कर.”

“अक्का!”

“तो जात नाही. झालं मतदान.”

“तू मले शब्द दिला होता!”

“मी लसूण सोलून राह्यली होती. शब्द नव्हता दिला.”

नामदेवनं बंडीच्या खिशातून तिकिटं काढली, पाहिली, परत ठेवली, परत काढली. आयुष्यभर ज्या आवाजानं त्यानं मॅनेजरांना घाम फोडला, तो आवाज कुठं गेला कोणास ठाऊक. “माझ्यापेक्षा लहान आहे तो,” तो म्हणाला. “पाच वर्षांनी लहान. लहान आधी कसा जाईल? मंग मी काय करू? मले काहीतरी करू द्या ना!” आणि एवढा धिप्पाड माणूस, सहा जणांसाठी बारा किलो वांगी आणणारा, विहिरीच्या कठड्याशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

छाया पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यापाशी गेली. “दादा, पाणी घ्या,” ती म्हणाली. “रोज सकाळी यांची दाढी कोणीतरी करून द्यायले पाह्यजे. माझा हात थरथरतो. तुम्ही याल का?”

नामदेवनं मान हलवली. पाणी प्यायला. मग तो वळला आणि मालूबाईला म्हणाला, “येतो मी. पण मुंबईले फोन तू कर. माझ्या तोंडून नाही निघणार. मी चार जणांचे पाय धरून तो पलंग मिळवला.”

नीलेशनं नंबर लावून फोन आत्याच्या कानाशी धरला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, घाईत होती, पण आवाज गोड होता.

“पेशंटचं नाव?”

“उखर्डू दौलत महाजन.”

“उद्याचं ॲडमिशन कॅन्सल करायचंय? आपण पेशंटच्या कोण?”

मालूबाईच्या जिभेवर एकसष्ट वर्षं ‘मालकीण’ हे जे उत्तर तयार होतं, ते तिनं गिळलं. “बहीण,” ती म्हणाली. “मोठी बहीण.”

“ओके. कारण काय लिहू? इथे भरावं लागतं. खर्चाची अडचण, प्रवास जमत नाही, की दुसरीकडे ट्रीटमेंट घेताय?”

खाटेपाशी उखर्डू आणि लोटूची मिठावरून पुन्हा जुंपली होती. नामदेव त्यात पडला होता आणि अर्थातच तिसरी बाजू घेत होता.

“हॅलो? आजी? यातलं कोणतं?”

“यातलं कोणतंच नाही, बेटा.”

“मग काय लिहू?”

“लिव,” मालूबाई म्हणाली, “आम्ही त्याले इचारलं.”